पंपाच्या गळ्यातली पट्टी

निवृत्त माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असा सल्ला देणारे लोक स्वतः कधी पेट्रोल पंपाला सोनेरी पट्टी बसवायला गेलेले नसतात. मी गेलो. पाडव्यानंतर हाती घेतलेलं काम नवरात्र आलं तरी संपलं नव्हतं, आणि ते का संपत नाही याचं उत्तर माझ्याच घरात, माझ्याच आरामखुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होतं. ते म्हणजे माझे वडील.

पंप म्हणजे आख्खा पंप नव्हे, पंपावरचं यंत्र. माणसापेक्षा उंच, खाली ओतीव लोखंडाची बैठक, मधे गोल पत्र्याचं धड, वर निमुळता होत गेलेला गळा आणि त्या गळ्यावर काचेचं नळकांडं. बाजूचा दांडा हलवला की जमिनीखालच्या टाकीतून पेट्रोल काचेत चढायचं आणि तिथून नळीने गाडीत उतरायचं. वडिलांचा पंप सोलापूर रस्त्यावर होता आणि हे त्यांचं पहिलं यंत्र. मी चड्डीचं बटण स्वतः लावायला शिकण्याच्या आधीच विजेवरची यंत्रं आली आणि हे मागच्या शेडमध्ये गेलं. पुढे पंपही गेला, जागा रस्त्याच्या रुंदीकरणात गेली. यंत्र मात्र एका ओळखीच्या गोडाऊनमध्ये गोणपाट पांघरून उभं राहिलं. मी त्याला कायम गंजलेलंच पाहिलं होतं.

गेल्या माघात आई गेली. बाबा एक लोखंडी ट्रंक आणि एक काठी घेऊन आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. ते रडले नाहीत. बोललेही नाहीत. बाल्कनीत बसायचे आणि खालून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून ती कुठली, हे स्वतःशीच पुटपुटायचे. त्यांना नीट दिसत नाही हे आमच्या लक्षात आलं ते त्यांनी मिठाच्या बरणीत चमचा घालून चहा गोड करून घेतला तेव्हा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, पडदा खराब होत चाललाय म्हणाले, आणि मान वर न करता लिहिता लिहिताच म्हणाले, "त्यांना काही दाखवायचं असेल तर यंदाच दाखवा." हे वाक्य घेऊन मी घरी आलो. रात्रभर ते उशाशी होतं. ज्या माणसाने आयुष्यभर मला रस्ता, गाड्या, माणसं दाखवली, त्याला मी शेवटचं काय दाखवणार होतो? कोथरूडचा ट्रॅफिक?

म्हणून मी ते यंत्र टेम्पोत घालून आणलं. ते पुन्हा पहिल्यासारखं करायचं, बाबांना त्याच्यासमोर उभं करायचं आणि त्यांच्या तोंडून "हो, हेच ते" एवढं ऐकायचं. माझी मागणी तेवढीच होती.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी पहिल्याच दिवशी खाली येऊन सांगितलं, "पार्किंग वाहनांसाठी आहे. वाहनांना जे लागतं त्यासाठी नाही." मी माझी गाडी रस्त्यावर लावली आणि माझ्या चौकोनात यंत्र उभं केलं. मी एका कारखान्यात खरेदी विभागात होतो. आयुष्यभर पुर्जे विकत घेतले, बसवला एकही नाही. पण गंज काढणं, पोचे काढणं, घासणं, अस्तर मारणं हे मला जमत गेलं याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं. गळ्याभोवती रंग घासून गेल्याचा एक पट्टा होता, तो मी लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरून, घासून अगदी गुळगुळीत केला. रंग कुठला होता विचारलं तर बाबा म्हणाले, "लाल. टोमॅटोसारखा नव्हे, कुंकवासारखा." गाड्यांना रंग मारणाऱ्या गॅरेजवाल्याने तो पहिल्या झटक्यात जमवला. सोसायटीतली माणसं येऊन फोटो काढू लागली. सेक्रेटरीही एकदा काढून गेले.

मग एका रविवारी मी बाबांना लिफ्टने खाली आणलं. ते यंत्राच्या अगदी जवळ गेले, नाक टेकेल इतके. हात बैठकीवर ठेवला आणि हळूहळू वर नेला. दांडा चाचपला, एकदा हलवला. मी श्वास धरून उभा. हात गळ्यापाशी आला आणि थांबला.

"पट्टी कुठाय?"

"कसली पट्टी?"

"इथली. सोनेरी."

इथून माझ्या नाकी नऊ यायला सुरुवात झाली.

आमचा मुलगा हिंजवडीला नोकरी करतो आणि रविवारी जेवायला येतो. त्याने ताबडतोब फोनवर परदेशातले जुने पंप दाखवले. प्रत्येकाच्या अंगावर चकचकीत पट्ट्या होत्या, कडेला, गळ्याला, डोक्याला. मला म्हणाला, "बाबा, याला ट्रिम म्हणतात. व्हिंटेज पंपला ट्रिम असतेच. ऑथेंटिक लुक हवा असेल तर मस्ट आहे." आजोबा म्हणतात आणि नातू फोनवर दाखवतो म्हटल्यावर माझी शंका घ्यायची छाती झाली नाही. खरं तर शंका आली होती. रंग खरवडला तेव्हा उघड्या पत्र्यावर पट्टी ठोकल्याचं एकही भोक दिसलं नव्हतं. पण भोकं पूर्वी कुणीतरी बुजवली असतील, अशी मी माझी समजूत घातली. खरेदी विभागातल्या माणसाला कागदावर आहे आणि मालात नाही, याची सवय असते.

पहिली पट्टी हार्डवेअरच्या दुकानातली, ॲल्युमिनियमची, वर सोनेरी मुलामा. दोन्हीकडे चिकटणाऱ्या टेपने बसवली. गळा निमुळता आहे हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. सरळ पट्टी निमुळत्या गळ्याभोवती गुंडाळली की ती तिरकी वर चढत जाते आणि तिची दोन टोकं एकमेकांना भेटतच नाहीत, एक वर, एक खाली. मी ती दाबून, ओढून, दोरीने बांधून ठेवली. दुपारच्या उन्हाने टेप सुटला आणि पट्टी खाली पडली ती थेट वॉचमनच्या डब्यावर. पुन्हा चिकटवली आणि संध्याकाळी बाबांना खाली आणलं. त्यांनी एक बोट फिरवलं.

"ही नव्हे. ती रुंद होती."

"किती रुंद?"

"चार बोटं."

मी त्यांची बोटं मोजपट्टीने मोजली. ते मला मोजू देत होते आणि चेहऱ्यावर भाव असा, की हा माझा मुलगा आहे आणि मी हे सहन केलं पाहिजे.

दुसरी पट्टी रुंद, स्टीलची, सोनेरी मुलाम्याची. ही टेपवर राहणार नव्हती म्हणून रिव्हेट मारायचे ठरले. नव्या रंगावर ड्रिल लावलं तसा रंगाचा टवका उडाला. गॅरेजवाला रंग दुरुस्त करायला आला आणि यंत्राकडे बघून म्हणाला, "साहेब, मी रंग मारू की तुम्ही भोकं पाडणार? एक काय ते ठरवा." ठरवलं. त्याने रंग मारला, मी भोकं पाडली, त्याने पुन्हा रंग मारला, पण त्यानंतर तो माझ्याशी गरजेपुरतंच बोलत असे. पट्टी बसली. बाबांनी हात फिरवला.

"नक्षी कुठाय? कोयऱ्या होत्या त्याच्यावर."

"बाबा, तुम्ही कोयऱ्यांचं मला सांगितलं नव्हतं!"

"तू विचारलं नाहीस."

माझा पारा असा चढला, की मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं आणि स्वतः जिन्याने वर गेलो. स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, "हा माणूस माझी परीक्षा घेतोय." ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग अभ्यास करा." बाहेर बाल्कनीत बाबा खालून जाणाऱ्या बसला तिचा डेपो सांगत होते.

पण मी हट्टाला पेटलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्या हट्टाखाली भीती होती. मधे एकदा त्यांनी मला माझ्या मुलाच्या नावाने हाक मारली, समोर उभा असताना. आवाजावरून ओळखल्यावर हसून सावरून घेतलं. मला वेळ कमी पडत चालला होता.

कसबा पेठेत तांब्या-पितळेची कामं करणाऱ्यांच्या गल्लीत गेलो. गाडी लांब लावून चालत. एका दुकानात देव्हाऱ्यांना लावायच्या ठशाच्या पट्ट्या टांगलेल्या होत्या आणि त्यांच्यावर खऱ्याखुऱ्या कोयऱ्या. मला इतका आनंद झाला की मी भाव विचारायच्या आधीच "द्या" म्हणालो. दुकानदाराने विचारलं, "देव्हारा केवढा आहे?" मी म्हणालो, देव्हारा नाही, पेट्रोल पंप आहे. त्याने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "पंपाला कशाला? आरती करणार आहात का त्याची?" पुण्यात गिऱ्हाईकाला एवढं विचारलं म्हणजे जिव्हाळाच म्हणायचा. पण माणूस कामाचा होता. सरळ पट्टी बसणार नाही, गळ्याच्या मापाने कमानीत कापावी लागेल म्हणाला, आणि मला कागद गुंडाळून त्याचा नमुना आणायला लावला. पावसाळाभर मी त्या गल्लीत खेपा घातल्या. नमुना चुकला, पुन्हा आणला. कोयऱ्या वाकताना चपट्या झाल्या, पट्टी तापवून मऊ करून पुन्हा ठोकल्या. शेवटी पितळी स्क्रूंसकट पट्टी तयार झाली आणि मी ती पार्किंगमध्ये बसवली. ती बसली. टोकं भेटली. कुंकवासारख्या लाल रंगावर ते पितळ असं झळकत होतं, की मी दोन पावलं मागे जाऊन एकटाच "वा" म्हणालो.

बाबा आले. त्यांनी बोटं फिरवली. मग दुसऱ्या हाताची फिरवली. एकेक कोयरी चाचपली.

"छान आहे," ते म्हणाले.

"हीच ना?"

"नाही. पण छान आहे. राहू दे आता."

मला त्या "नाही"चा राग आला नाही इतका त्या "राहू दे"चा आला. शाळेत माझं चित्र पाहून ते असंच म्हणायचे. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात लिफ्टकडे वळताना ते आपल्याशीच म्हणाले, "वाऱ्याने हलायची ती. ट्रक गेला की हलायची."

"बाबा!" मी ओरडलोच. "धातूची पट्टी ट्रकच्या वाऱ्याने हलत नसते! कुठल्याही पंपाची हलत नसते!"

पार्किंगमध्ये माझा आवाज घुमला. वॉचमन उठून उभा राहिला. बाबांनी नुसती काठी पुढे टेकली आणि लिफ्टमध्ये शिरले. त्यानंतर ते खाली यायला तयार होईनात. गुडघा दुखतो म्हणायचे. मी बायकोला सांगितलं की डोळ्यांबरोबर त्यांची आठवणही चाललीय, जे यंत्रावर नव्हतंच ते त्यांना दिसतंय, आणि मी उगाच त्यांना आणि स्वतःला दमवलं.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. शस्त्रं म्हणजे विळी, सुरी, मिक्सर, स्क्रू ड्रायव्हर आणि मुलगा घरी आलाच तर त्याचा लॅपटॉप. घरातलं झालं की बायको ताम्हन घेऊन खाली स्कूटरची पूजा करायला जाते. या वर्षी ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, तुमच्या यंत्राचीही पूजा करायची आहे. तुम्ही नाही आलात तर ते बरं दिसणार नाही." गुडघा दुखायचा थांबला. ते आले. मी त्यांना खाली खुर्ची दिली आणि स्वतः गप्प उभा राहिलो. मला पुन्हा त्या पट्टीचं नाव काढायचं नव्हतं.

तिने स्कूटरला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मग यंत्राला कुंकू लावलं. ते लाल रंगावर दिसेना, म्हणून अक्षता वाहिल्या. हार घेऊन ती गळ्याशी हात नेणार, तेवढ्यात खुर्चीतून बाबा म्हणाले, "अगं, हार नंतर. आधी पट्टी."

मी डोळे मिटले. पितळी पट्टी त्यांच्यापासून हातभर अंतरावर चमकत होती.

बायकोने हार ताम्हनात ठेवला आणि वळून विचारलं, "बाबा, ती पट्टी लावायचं कोण?"

"तुझी सासू. दुसरं कोण लावणार?"

बाबा नेहमीच्या स्वरात सांगत राहिले, जणू हे सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. दर खंडेनवमीला आई विरलेल्या लुगड्याचा काठ काढायची आणि यंत्राच्या गळ्यात बांधायची. आपण वर्षभर त्याला राबवतो, दांडा हलवून हलवून त्याचा जीव काढतो, त्याच्या अंगावर सणाचं काहीतरी नको का, म्हणायची. काठ वर्षभर तिथेच राहायचा. धुळीने काळा पडायचा, ट्रक गेला की हलायचा. पुढच्या नवमीला तो सोडून नवा. मी लांबी भरून गुळगुळीत केलेला गळ्याभोवतीचा घासलेला पट्टा मला आठवला.

"बाबा," मी विचारलं, "मग इतके महिने हे सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे? तू रुंदी विचारलीस, जाडी विचारलीस, स्क्रू किती होते ते विचारलंस."

"अहो, पण मी ॲल्युमिनियम लावलं, स्टील लावलं, पितळ लावलं, तेव्हा तरी म्हणायचं की कापडाची होती!"

"मला वाटलं, हल्ली पत्र्याची मिळत असेल."

मी कपाळाला हात लावून वॉचमनच्या स्टुलावर बसलो. पाडव्यापासूनचे सगळे टवके, रिव्हेट, कागदी नमुने आणि कसब्यातल्या खेपा माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी या माणसाला गदागदा हलवावंसं वाटत होतं. आणि आईला विचारावंसं वाटत होतं, की मला हे कधी का नाही सांगितलंस. पण आई तर गेली होती.

बायको तोवर वर गेली होती. परत आली तेव्हा तिच्या हातात बाबांच्या ट्रंकेतलं एक बोचकं होतं. आई गेल्यावर आम्ही ते उघडलंच नव्हतं. आत काठच काठ, एकेक नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेला, हिरवे, जांभळे, तपकिरी. यंत्र शेडमध्ये गेल्यावरही, पंप गेल्यावरही, प्रत्येक विरलेल्या लुगड्याचा काठ तिने काढून ठेवला होता. बायकोने एक उलगडला. चार बोटं रुंद, सोनेरी जर काळवंडलेली आणि तिच्यात कोयऱ्या.

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याची नुकतीच पूजा झाली होती आणि पूजेतलं अवजार त्या दिवशी वापरायचं नसतं, पण कुणी मला अडवलं नाही. स्क्रू मी इतके घट्ट पिळले होते की निघता निघेनात. पितळी पट्टी काढून मी जमिनीवर ठेवली. लाल गळ्यावर उघडी भोकं राहिली, त्यांच्यावरून काठ गुंडाळला. तो तिरका वर चढू लागला. बायकोने मागून एक चुणी घातली, आणि जे मला पावसाळाभर जमलं नाही ते झालं, काठ सरळ बसला. मी दांड्याच्या बाजूला, नळीच्या जवळ, गाठ मारली.

बाबा उठले. काठीशिवाय. त्यांनी हात पुढे केला, काठावर ठेवला आणि बोटं गळ्याभोवती हळूहळू फिरत गेली. मी "हो, हेच ते" या शब्दांची वाट पाहत उभा होतो. बोटं गाठीपाशी आली आणि थांबली.

"गाठ मागच्या बाजूला घे," ते म्हणाले. "नळीजवळ आली की पेट्रोल लागतं तिला. मग तुझी आई मला दिवसभर बोलत बसते."

मी गाठ सोडली आणि मागच्या बाजूला घेऊन बांधली.